पाकिटातले जिवंत किती? : थाळ्या मोजणाऱ्या यंत्राच्या निमित्ताने





आपल्या जिवाणू खत प्रयोगशाळेसाठी थाळ्या आपोआप मोजणारे यंत्र घ्यावे की घेऊ नये, याची चर्चा सध्या कारखान्यावर चालू आहे. ऑफिसातली चर्चा गव्हाणीवर आणि गव्हाणीवरची गटागटांत जायला वेळ लागत नाही. गेल्या महिन्यात आम्ही जिथे जिथे गेलो तिथे कोणी ना कोणी विचारलेच, "साहेब, हे यंत्र मोजतं तरी काय?" विचारणे रास्त आहे. यंत्र आले तर त्याचा पैसा अखेर उसाच्याच पैशातून जाणार. म्हणून ऊस विकास विभागात रोज हे काम पाहणारी माणसे म्हणून आम्ही आमचे मत येथे मांडतो. निर्णय संचालक मंडळाचा आहे आणि तो अजून व्हायचा आहे.

आधी मोजायचे काय ते पाहू. लागणीच्या वेळी आपण बेण्याला ॲसेटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावतो. हेक्टरी १० किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरदाचे जिवाणू, १०० लिटर पाण्यात, टिपरी अर्धा तास बुडवून. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ही शिफारस आता बहुतेकांना पाठ आहे. एकराला म्हणाल तर ४ किलो आणि अर्धा किलो. या प्रक्रियेवर नत्राची खते निम्म्याने आणि स्फुरदाची पाव हिश्शाने कमी करता येतात, असे शिफारशीत सांगितले आहे. पण ही बचत पाकिटातल्या काळ्या भुकटीने होत नाही, भुकटीत जिवंत असलेल्या जिवाणूंनी होते. भुकटी म्हणजे नुसता लिग्नाइटचा कोळसा. जिवाणू मेले असतील तर आपण बेण्याला कोळसा लावला, एवढाच त्याचा अर्थ. आणि युरिया मात्र निम्मा कमी टाकलेला असतो. नुकसान तिथे होते. ते जूनमध्ये दिसत नाही, पुढच्या वर्षी काट्यावर दिसते, आणि तोपर्यंत कोणाला आठवतही नाही की पाकीट कोणते होते.

युरियाच्या पोत्यात ४६ टक्के नत्र आहे की नाही हे रसायनाने तपासता येते. जिवाणूंचे तसे नाही, ते मोजावे लागतात आणि जिवंतच मोजावे लागतात. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, पण जिवाणू खते त्यात आली २००६ साली. तेव्हापासून कायदा सांगतो की भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत. शिवाय एक लाख पट विरळ केलेल्या द्रवात परक्या जिवाणूंची भेसळ दिसता कामा नये.

पाच कोटी मोजणार कसे? तर विरळ करून. १० ग्रॅम भुकटी ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात ढवळायची, झाले दहा पट विरळ. त्यातले १ मिलिलिटर दुसऱ्या नळीतल्या ९ मिलिलिटर पाण्यात घालायचे, झाले शंभर पट. असे आणखी चार वेळा केले की दहा लाख पट विरळ होते. शेवटच्या नळीतले १ मिलिलिटर थाळीत घालून वर कोमट, पातळ खाद्य ओतायचे. ते गोठते आणि प्रत्येक जिवंत जिवाणू जागच्या जागी अडकतो. २८ ते ३० अंश उष्णतेला तीन ते पाच दिवस ठेवले की एकाचे लाखो होतात आणि नुसत्या डोळ्यांना टिंब दिसू लागते. या टिंबाला कॉलनी म्हणतात. (आपल्याकडे कॉलनी म्हणजे कामगारांची खोल्यांची रांग. नाव चुकीचे नाही, ही जिवाणूंची वसाहतच.) थाळीत ५० कॉलनी आल्या तर गुणिले दहा लाख, म्हणजे ग्रॅमला ५ कोटी. पाकीट पास. त्याच थाळीत एकच कॉलनी आली तर आपल्या १० किलो मालात चांगल्या मालाच्या २०० ग्रॅमइतकाच जीव उरला आहे.

ही थाळी जर्मनीतल्या रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत जन्मली. सुरुवातीला ते जिलेटिन वापरीत आणि ते उन्हाळ्यात वितळून जाई. तिथे काम करणाऱ्या हेसे नावाच्या डॉक्टरांची पत्नी फॅनी हेसे घरी मुरंबा-जेली करताना अगर-अगर वापरी. ते उष्णतेत टिकते, हे तिनेच १८८१-८२ च्या सुमारास नवऱ्याला सुचवले. आपल्या किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते तेच हे. झाकणाची काचेची थाळी पेट्री यांनी १८८७ साली आणली. त्यांचे नाव थाळीला राहिले, बाईंचे कशालाच राहिले नाही. असो.

आता यंत्राकडे वळू. आज आपल्या प्रयोगशाळेत जे मोजणी यंत्र आहे ते साधे आहे. खालून उजेड, वर भिंग, हातात पेन. कॉलनीवर पेन टेकवला की टिक वाजते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. थाळीवर ठिपकाही उमटतो, म्हणून तीच कॉलनी पुन्हा मोजली जात नाही. मोजणारी माणूसच असते. नवे यंत्र यापेक्षा वेगळे. त्यात थाळी ठेवायची, झाकण लावायचे, आतला कॅमेरा फोटो काढतो आणि संगणक कॉलनी मोजून आकडा देतो. परदेशात टीव्हीच्या कॅमेऱ्यावर चालणारी अशी यंत्रे १९७० च्या दशकातच आली होती. आता कॅमेरे स्वस्त झाले, म्हणून यंत्रे लहान झाली. तरीही पूर्ण आपोआप चालणाऱ्या यंत्राला लाखांत पैसे पडतात. पेनवाल्याला काही हजार पुरतात.

विक्रेत्याचे म्हणणे, यंत्र अर्ध्या मिनिटात मोजते. मोजते, खोटे नाही. पण थाळी तयार व्हायलाच पाच दिवस लागतात, त्यात दोन मिनिटे वाचली तर काय मोठे वाचले? वेळेचा मुद्दा आम्हाला फारसा पटलेला नाही.

दुसरे म्हणणे अचूकपणाचे. येथे सभासदांनी थोडे थांबून विचार करावा, कारण आकडा आणि अचूकपणा यांत फरक असतो. पाभरीने ज्वारी पेरली तर प्रत्येक हातभर तासात सारखेच दाणे पडतात काय? कुठे चार, कुठे सात. तसेच एकाच नळीतल्या द्रवाच्या दोन थाळ्या ओतल्या तर एकीत ४४ आणि दुसरीत ५७ येऊ शकतात. कोणाची चूक नसते. सरासरी ५० असेल तिथे सातेक इकडेतिकडे होणे हा निव्वळ योगायोगाचा हिशेब आहे. आणि त्याआधी सहा पायऱ्यांचे विरळ करणे आहे. एका पायरीला नळी नीट हलवली नाही, १ मिलिलिटरच्या जागी थोडे कमी गेले, तर ती चूक पुढच्या सगळ्या पायऱ्यांतून थेट थाळीत येऊन बसते. पाकीटही कोणते उचलले? वरचे की तळाचे? यंत्र या सगळ्यानंतर येते. चुकीच्या थाळीवरही ते तितक्याच ठामपणे ५१ असा आकडा दाखवील.

यंत्र कुठे फसते तेही सांगायला हवे. अगरमधला हवेचा बुडबुडा त्याला कॉलनी वाटतो. झाकणावर दव साचले तर थेंब मोजले जातात. कमी विरळ केलेल्या थाळीत लिग्नाइटचे काळे कण येतात, तेही टिंबच. कॉलनी थाळीच्या काठाशी असली तर सुटते, दोन एकमेकींना चिकटल्या तर एक धरली जाते. ॲझोटोबॅक्टरच्या कॉलन्या बुळबुळीत असतात, चार दिवसांनी पसरून एकजीव होतात. चांगल्या यंत्रात आकार, रंग, कडा यांवरून निवड करता येते, पण ती निवड कशी करायची हे माणसालाच शिकवावे लागते. स्फुरदाच्या जिवाणूंचे तर आणखी वेगळे. तिथे कॉलनी असून भागत नाही. दुधाळ थाळीत कॉलनीभोवती स्फुरद विरघळून स्वच्छ कडे पडले पाहिजे. कडे नसलेली कॉलनी आपल्या कामाची नाही, तिची जात परकी असू शकते किंवा आपलीच निकामी झालेली असू शकते. आमच्या प्रयोगशाळेतल्या ताई थाळी हातात घेतात, उजेडाला तिरकी धरतात आणि म्हणतात, "साहेब, ही तीन आपली नव्हेत." हे पाहणं मोजण्याच्या आधीचं आहे.

आणि काही जिवाणूंना थाळी फारशी मानवतच नाही. ॲझोस्पिरिलमची ओळख पटते ती मऊसर खाद्याच्या नळीत. पृष्ठभागाच्या किंचित खाली पांढरी साय धरते आणि हिरवट खाद्य निळे होते. किती नळ्यांत साय आली यावरून कोष्टक पाहून संख्या काढतात. कॉलनी मोजणारे यंत्र तिथे काय करणार?

एवढे वाचून वाटेल की आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत. तसे नाही. यंत्राची एक बाजू फार मोलाची आहे आणि विक्रेता ती शेवटी, जाता जाता सांगतो. यंत्र फोटो ठेवते.

काट्याची गोष्ट आठवा. साध्या काट्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक काटे आले, तेव्हा काटा नवा म्हणून कोणी विश्वास ठेवला नाही. वैधमापन खात्याचा शिक्का, वजनाची छापील पावती आणि शंका आली तर फेरवजन करता येण्याची सोय, यांवर विश्वास बसला. साखर उताऱ्याचेही तेच. एफआरपीचा दर उताऱ्यावर ठरतो, म्हणून प्रयोगशाळेतला आकडा म्हणजे सभासदाच्या खिशातला पैसा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग जिवाणूंच्या आकड्याला वेगळा न्याय का? कारखानाच पाकिटे तयार करतो, कारखानाच तपासतो, कारखानाच सभासदाला देतो आणि पैसे उसाच्या बिलातून कापून घेतो. मोजणाऱ्याला माहीत असते की थाळीत ५० आल्या तर पाकिटे निघतील आणि ४० आल्या तर आख्खी बॅच टाकावी लागेल. अशा वेळी शंकेची टिंबे मोजावीत की सोडावीत, हा मनाचा खेळ आहे. माणूस कितीही सचोटीचा असला तरी तो होतो. यंत्राला पास-नापास ठाऊक नसते. आणि सहा महिन्यांनी कोणी विचारले तर थाळी फेकलेली असते, फोटो मात्र तारखेसह असतो. सभासदाने यावे, आपल्या बॅचचा फोटो मागावा, वाटल्यास स्वतः टिंबे मोजावीत. हा हक्क आम्हाला यंत्राच्या अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा वाटतो.

पण फोटोसाठी लाखाचे यंत्र लागत नाही. थाळी ठेवायला काळा आणि पांढरा असे दोन पाट, ठरावीक उंचीवर कॅमेरा धरणारा स्टँड, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, थाळीवर बॅच आणि तारखेची चिठ्ठी. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये दिवसभरात होईल असे काम आहे. फोटोवरून कॉलनी मोजणारे संगणकाचे कार्यक्रमही फुकट मिळतात. ओपनसीएफयू नावाचा एक २०१३ पासून उपलब्ध आहे. ताईंनी पेनने मोजावे, तोच फोटो संगणकाने मोजावा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. शंभरेक थाळ्यांत दोघांचे कुठे जुळते आणि कुठे बिनसते ते कळेल. पुढे यंत्र घेतले तरी ही जुळणी करावीच लागणार आहे. काट्याला बाहेरचा शिक्का मिळतो, या यंत्राला तसा कोणी मारून देत नाही. हाताच्या मोजणीशी ताडून पाहणे हाच त्याचा शिक्का.

केमिस्ट मंडळींचे म्हणणे असे की यंत्र त्यांनाही उपयोगी पडेल. शिळ्या उसाच्या रसात ल्युकोनोस्टॉक वाढतो, साखर खाऊन चिकट डेक्स्ट्रान करतो, त्याच्या मोजणीला. मुद्दा खरा आहे. परंतु त्या कॉलन्या फुगलेल्या, चिकट, एकमेकींत मिसळणाऱ्या, म्हणजे यंत्राला जड जाणाऱ्याच. खर्च वाटून घेता येईल एवढे मात्र मान्य.

आता आमच्या मनातला खरा मुद्दा. आज मोजणी होते ती बॅच तयार झाल्यावर, प्रयोगशाळेच्या दारात. तिथे आकडा चांगला असतो आणि तो खोटाही नसतो. पण सभासद जिवाणू प्रयोगशाळेच्या दारात बेण्याला लावत नाही. आडसाली लागणीची पाकिटे ऐन उन्हाळ्यात भरली जातात. मे महिन्यात आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (जुनी माणसे अजून नगर जिल्हाच म्हणतात) पारा चाळिशी ओलांडतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाकिटे गट ऑफिसात येतात, पत्र्याखाली थप्पी लागते, शेजारी युरिया आणि बुरशीनाशकाचे डबे. तिथून सभासदाच्या ओसरीवर. पाऊस लांबला की लागण लांबते, पाकीट पडून राहते. लिग्नाइटच्या पाकिटाची मुदत साधारण सहा महिन्यांची धरतात, ती थंड जागेची. पत्र्याखालच्या उन्हाला ती मुदत ठाऊक नाही. मधल्या या प्रवासात किती जिवंत राहिले हे आज आपण कोणीच मोजत नाही. नवे यंत्र आणून त्याच दारात, त्याच ताज्या थाळ्या मोजल्या तर हा प्रश्न आहे तिथेच राहील.

म्हणून आमची सूचना अशी, की जून अखेरीस प्रत्येक गटातून न फोडलेली पाच पाकिटे उचलावीत. दोन गट ऑफिसातून, तीन सभासदांच्या घरून, आणि ती बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणावीत. बारा गट धरले तर एका खताची ६० पाकिटे. प्रत्येकी चार थाळ्या म्हणजे २४०, दोन्ही खतांच्या मिळून ४८०. थाळीला दोन मिनिटे धरली तर सोळा तासांची मोजणी होते. एका माणसाने भिंगातून सलग करायचे हे काम नव्हे, डोळे थकतात आणि थकलेला डोळा चुकतो. आठवड्यात वाटून केले तर आज आहे त्या साधनांवर ते होते. यंदा असेच करावे. लागणीच्या तिन्ही हंगामांना, आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरूला, हे नेमाने होऊ लागले, थाळ्यांचा आकडा वर्षाला हजाराच्या पुढे गेला, की आम्ही स्वतः यंत्राची मागणी घेऊन संचालक मंडळापुढे जाऊ. त्या वेळी यंत्राला काम असेल. आज घेतले तर आठवड्यातून एकदा झाकण उघडेल आणि बाकीचे दिवस वर धूळ बसेल. आपल्या शेतकी खात्यात अशी धूळ खाणारी वस्तू पहिली नसेल.

यंत्राला लागणाऱ्या पैशातला काही भाग आत्ता गट ऑफिसांत खर्च व्हावा असे आम्हाला वाटते. पाकिटांसाठी भिंतीची, कौलारू किंवा तट्टे मारलेली एक खोली, खत-औषधापासून वेगळी. न्यायला-आणायला झाकलेले डबे. जमेल तिथे द्रवरूप खते, कारण ती जरा जास्त टिकतात. आणि गट ऑफिसच्या फळ्यावर तीन ओळी: बॅच नंबर, दारातला आकडा, गटातून उचललेल्या पाकिटांचा आकडा. तिसरी ओळ दुसरीपेक्षा फार खाली आली तर ओरड होईल. होऊ द्यावी. त्या बॅचचे पैसे बिलातून कापू नयेत, असाही ठराव सोबत व्हावा, हे आमचे वैयक्तिक नव्हे तर विभागातल्या सगळ्यांचे मत आहे. आणि वर्षातून एकदा काही पाकिटे बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून आपला आकडा ताडून पाहावा. नागपूरला केंद्र सरकारचे विभागीय केंद्र आहे, तिथे ही तपासणी होते.

एवढ्यात सभासदांकडून आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. पाकीट नेताना भरल्याची तारीख आणि बॅच नंबर वाचून घ्या. नंबर पुसट असेल तर पाकीट परत करा, भीड धरू नका. बुरशीनाशक आणि जिवाणू एका टबात कालवू नका. आधी औषधात टिपरी बुडवून सावलीत निथळू द्या, मग जिवाणूंचे पाणी. आणि यंदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमचा माणूस घरी येऊन न फोडलेले पाकीट मागेल, त्याला ते द्यावे. बदल्यात ताजे पाकीट तो तिथेच देईल, आणि तुमच्या पाकिटाच्या थाळीचा फोटो पंधरा दिवसांत गट ऑफिसात पाहायला मिळेल.